पिसे झडत असलेल्या कोंबडीला वेगळे ठेवावे का? मदत हवी आहे

नमस्कार. चिपळूणजवळच्या गावात आम्ही परसात पाच गावरान आणि दोन वनराज (सुधारित जातीच्या) अशा सात कोंबड्या पाळतो. त्यांतील सर्वांत जास्त अंडी देणाऱ्या, साधारण वीस महिन्यांच्या तांबड्या गावरान कोंबडीची पिसे दिवाळीपासून झडू लागली आहेत. आधी डोके आणि मान, मग छाती व पाठ, आणि आता शेपूट असा क्रम आहे. पंधरा दिवसांपासून तिची अंडी पूर्ण बंद आहेत, पण ती खुडूक (अंडी उबवायला) बसलेली नाही. रात्री बॅटरी घेऊन पिसांच्या मुळाशी, शेपटीखाली आणि खुराड्यातील दांड्यांच्या खाचांत बारकाईने पाहिले, तरी उवा किंवा गोचीड आढळले नाहीत. तिचे खाणे आणि विष्ठाही नेहमीसारखीच आहे. दिवस लहान होऊ लागल्यावर होणारी ही नैसर्गिक पीसझड असावी असे मला वाटते, म्हणूनच ती विकून टाकावी हा घरातील सल्ला मला मुळीच पटत नाही.

खरी अडचण नव्या पिसांची आहे. मानेवर आलेल्या कोवळ्या पिसांच्या नळ्यांत रक्त असते, आणि दोन्ही वनराज नेमक्या तिथेच चोच मारतात. परवा रक्त आले, तेव्हा हळद लावून मी तिला दिवसभर डालग्याखाली ठेवले. पण ती सतत ओरडत राहिली आणि दाण्याला तिने जेमतेम तोंड लावले. तीन-चार आठवडे वेगळी ठेवल्यास परत सोडताना पुन्हा मारामारी होईल, अशी भीती वाटते. खुराड्यातच मध्ये जाळी लावून एकमेकींना दिसतील अशा ठेवणे बरे, की टोचणाऱ्या दोघींनाच काही दिवस बाहेर काढावे?

खाद्याबाबतही शंका आहे. पीस बहुतांशी प्रथिनांचेच बनलेले असल्यामुळे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या नेहमीच्या खाद्याबरोबर मी मीठ निघून जाईपर्यंत धुतलेली सुकट मूठभर देतो. शेंगदाण्याची पेंड इथल्या दमट हवेत लवकर बुरशी धरते, म्हणून ती टाळली आहे. पिल्लांच्या खाद्यात सुमारे २० टक्के प्रथिने असतात. ते सर्वांना देऊन शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवावा असा विचार आहे, कारण अंडी बंद असलेल्या कोंबडीला अंड्यावरच्या खाद्यातील जादा कॅल्शियमची गरज नसते. मात्र पिल्लांच्या खाद्यात अनेकदा रक्ती हगवणीवरचे औषध मिसळलेले असते आणि बाकीच्या सहा जणींची अंडी आम्ही रोज खातो. कोणी औषधविरहित खाद्य वापरत असल्यास कृपया सांगावे.

शेवटचा प्रश्न मानमोडी (राणीखेत) रोगाच्या लसीचा. पुढच्या आठवड्यात सर्वांनाच लस द्यायची आहे. हात लावला तरी ही कोंबडी वेदनेने अंग चोरते. तिला टोचून द्यायची लस पिसे भरेपर्यंत पुढे ढकलावी, की आत्ता याच रोगाची लासोटा ही लस पाण्यातून द्यावी? पशुवैद्यांची भेट सोमवारी ठरली आहे, त्याआधी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.