मदत हवी आहे: तिसरी ते पाचवीच्या मुलांना वाचता येत नाही, संस्थेने निधी कशावर खर्चावा?

आमच्या लहानशा धर्मादाय संस्थेकडे खेड्यांतल्या चार प्राथमिक शाळांसाठी वर्षभराचा निधी आहे. काही विश्वस्त म्हणतात टॅब घ्या, काही म्हणतात गावातलेच शिकलेले तरुण स्वयंसेवक नेमा. शिक्षकांची ना नाही, पण अभ्यासक्रम संपवायचा ताण आहे. स्वयंसेवक नेमले तर सुरुवात कुठून करायची? असे उपक्रम मध्येच का बारगळतात?

प्रतिसाद १
टॅब राहू द्या. आधी प्रत्येक मुलाची तोंडी चाचणी घ्या, एकेकाला बाजूला बसवून. वर्गात घेतली तर मुलं शेजाऱ्याचं ऐकून म्हणतात. पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद समोर ठेवा. सलग वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट द्या. अडखळला तर सुटे शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरं. शब्द किंवा अक्षरं पाच वाचायला सांगा. चार बरोबर आली की ती पातळी धरा.

मग इयत्ता विसरून पातळीप्रमाणे गट करा. मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या ‘प्रथम’ या संस्थेची पद्धत हीच. अक्षर गटाला रोज बाराखडीचा तक्ता मोठ्याने वाचायला लावा, पण तेवढ्यावर थांबू नका. छोटा उतारा बोटाने दाखवत वाचून दाखवा, त्यावर गप्पा मारा, त्यातलेच शब्द शोधायला सांगा. जोडाक्षरांची घाई नको. दर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा तपासा आणि पुढे गेलेल्या मुलाचा गट त्याच दिवशी बदला. हे राहिलं की गट म्हणजे कायमचा शिक्का होतो, आणि मुलांना तो फार लागतो.

प्रतिसाद २
बारगळण्याचं कारण बहुतेक वेळा वेळापत्रकात असतं. उत्तराखंडात ‘प्रथम’चे स्वयंसेवक शाळेत गेले आणि नेहमीचे वर्ग घेण्यातच अडकले, गटवार शिकवणं झालंच नाही. बिहारमध्ये शाळा चालू असताना शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, फरक पडला नाही. हरियाणात मात्र रोजचा एक तास याच कामासाठी राखला, देखरेख ठेवली, तेव्हा शिक्षकांच्याच हातून वाचन सुधारलं. म्हणून मुख्याध्यापकांकडून तो तास वेळापत्रकात लिहून घ्या, आणि स्वयंसेवकाला बदली शिक्षक म्हणून उभं करायचं नाही हेही त्याच कागदावर.

मूळ प्रश्नकर्ता
तास मिळालाच नाही तर?

प्रतिसाद २
तर शिबिरं घ्या. उत्तर प्रदेशात दहा किंवा वीस दिवसांची शिबिरं मिळून वर्षात साधारण पन्नास दिवस काम झालं, आणि वाचनात मोठी वाढ दिसली. तुमच्या चार शाळांत आळीपाळीने दहा-दहा दिवस बसवता येतील. एका गटात वीसच्या वर मुलं नकोत. निधीतून स्वयंसेवकांचं मानधन, गोष्टींची पुस्तकं आणि दर आठवड्याला वर्गात बसून पाहणारा एक माणूस, एवढं आधी बाजूला काढा. पाहणाऱ्या माणसाचं मानधन सगळ्यात आधी कापलं जातं, तिथे विश्वस्तांनी ठाम राहावं.