'एथ्निक'ला मराठीत काय म्हणावं? लाँबर्ड कबरींच्या निमित्तानं

धागाकर्ती
नमस्कार. सहाव्या शतकातल्या लाँबर्ड लोकांवरच्या एका लेखाचं मराठीकरण करते आहे. लाँबर्ड म्हणजे इ.स. ५६८ मध्ये आल्बोइन राजाच्या मागोमाग आजच्या हंगेरीकडून इटलीत उतरलेले लोक. लोंबार्दी प्रांताचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. लेखात पावलोपावली 'एथ्निक' येतं आणि मी सगळीकडे 'वांशिक' लिहीत गेले. मग या वाक्यापाशी अडले: 'कबरीत सापडलेल्या पिनांवरून मृत स्त्रीची वांशिक ओळख पटते, ही एका लाँबर्ड स्त्रीची कबर आहे.' लिहिलं आणि वाचताना खटकलं. पिनेवरून वंश कसा कळेल? माझा शब्द चुकतोय की मूळ विचारच?

प्रतिसाद
'वांशिक' रूढ आहे. वर्तमानपत्रं 'वांशिक संघर्ष', 'वांशिक संहार' लिहितात आणि वाचकाला ते कळतं. रूढ शब्द मोडून नवा घडवला की तो फक्त घडवणाऱ्यालाच कळतो. ठेवा तसंच.

प्रतिसाद
वरच्या काकांचा मुद्दा वर्तमानपत्रापुरता मान्य. पुरातत्त्वाच्या लेखात मात्र तोच शब्द घात करतो.

वंश म्हणजे मुळात वेळू, बांबू. पेरावर पेर चढत जावं तशी पिढी. म्हणून वंशावळ, वंशाचा दिवा, निर्वंश. मराठी माणसाच्या कानात 'वंश' म्हणजे रक्त, तेही बापाकडून आलेलं. ताई, तुम्ही 'वांशिक ओळख' लिहिलंत की वाचक समजणार, या बाईच्या अंगातलं रक्त पिनेवर लिहिलेलं होतं.

आपल्याकडचंच बघा. सांगलीच्या मुलीच्या कपाटात चार पंजाबी ड्रेस असतात. त्यातला 'पंजाबी' हा शब्द कपड्याला लागतो, मुलीला नाही, आणि हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. हजार वर्षांनी ते कपाट उकरणाऱ्यानं 'सांगलीत पंजाबी वस्ती होती' असं लिहिलं, तर तीच चूक होईल जी युरोपात दीडशे वर्षं होत आली. 'लाँबर्ड पिन' हे आधुनिक अभ्यासकांनी वस्तूच्या प्रकाराला दिलेलं नाव. ते पिनेवरून उचलून पिन लावणारीच्या कपाळी चिकटवलं की झाली 'लाँबर्ड स्त्री'.

या सवयीला सिद्धांताचं रूप देणाऱ्यांत जर्मन पुरातत्त्वज्ञ गुस्टाफ कोसिना ठळक. एकसारख्या वस्तूंचा प्रदेश नकाशावर आखता आला की तो एका लोकसमूहाचा प्रदेश, हे त्यानं १९११ मध्ये सूत्र म्हणूनच मांडलं. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, आजच्या पोलंडमधल्या विस्तुला नदीचं खोरं जर्मनांची प्राचीन मायभूमी आहे असं त्यानं याच रीतीनं लिहिलं. तो १९३१ मध्ये वारला, पण नाझींनी ही मांडणी उचलून धरली. मडक्यावरून माणसाचा वंश ठरवायचा आणि वंशावरून जमिनीवर हक्क सांगायचा, एवढं हे अंतर कमी आहे. म्हणून एका विशेषणासाठी मी इतकं भांडतो आहे.

बेल्जियममधल्या तूर्ने गावी १६५३ मध्ये बांधकाम करताना एक कबर लागली. सोन्याची नाणी, तांबड्या गार्नेट खड्यांच्या मधमाश्या, तलवार आणि एक मुद्रेची अंगठी. अंगठीवर लॅटिनमध्ये कोरलेलं: 'चिल्डेरिक राजाचा'. फ्रँकांचा, म्हणजे ज्यांच्यावरून फ्रान्सला नाव मिळालं त्या लोकांचा, हा राजा ४८१ किंवा ४८२ मध्ये वारला. आता कबरीतल्या वस्तू मांडा. सोन्याची नाणी बहुतेक कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांची. खांद्यावरची सोन्याची पिन रोमन अधिकारी लावत त्या प्रकारची. जवळच घोडे पुरलेले खड्डे मिळाले, आणि ही चाल अनेकांना पूर्वेकडची वाटते. मग यात 'फ्रँक' काय आहे? अंगठीसुद्धा फक्त 'राजा' म्हणते. तो फ्रँकांचा होता हे आपल्याला ग्रंथांतून कळतं, मातीतून नाही. अंगठी आणि ग्रंथ दोन्ही नसते, तर त्याला आज कोणत्या खान्यात टाकलं असतं?

महाराष्ट्राच्या पुरातत्त्वानं या बाबतीत शहाणपण दाखवलं, असं मला मनापासून वाटतं. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी सापडलेल्या भांड्यांवरून संस्कृतीचं नाव पडलं 'जोर्वे'. गावाचं नाव दिलं, लोकांचं नाही. ती माणसं स्वतःला काय म्हणत, हा प्रश्न उघडा राहिला.

प्रतिसाद
शब्दांच्या कुळाबद्दल थोडं.

त्या काळचे लॅटिन लेखक अशा समूहांना 'गेन्स' किंवा 'नात्सिओ' म्हणतात. दोन्हींचं मूळ 'जन्माला येणे' या धातूत आहे, आणि आपले जन, जाती, जन्म हेही त्याच मुळाचे. म्हणजे लॅटिनमध्येही समूह जन्मावरून ओळखायचा, निदान शब्दात तरी.

प्रत्यक्षात काय दिसतं? आठव्या शतकाच्या शेवटी पाउलुस डायाकोनुस या लाँबर्ड इतिहासकारानंच लिहून ठेवलंय की आल्बोइनबरोबर गेपिड, बल्गार, सर्मातियन, पॅनोनियन, स्वेबी, नोरिकन असे कितीतरी लोक आले आणि इटलीतली त्यांची गावं आपल्या काळीही त्यांच्याच नावानं ओळखली जातात. याहून मोठी अडचण इटलीतल्या नंतरच्या दस्तऐवजांत आहे. तिथे माणूस साक्षीत सांगतो: 'मी माझ्या नात्सिओनुसार लाँबर्ड कायद्यानं वागतो.' शब्द जन्माचा, पण तो चालतो माणसानं तोंडानं केलेल्या निवेदनावर. असं निवेदन कबरीत उरत नाही.

'जमात' शब्द याउलट अरबीतून आलेला. त्याच्या मुळाशी गोळा होणं आहे. जमा, जमाव हे त्याचेच नातलग. आल्बोइनच्या मागे निघालेला तो मेळा खरं तर या मूळ अर्थी 'जमात'च. पण आज 'अनुसूचित जमाती'मुळे शब्दाला वेगळं वजन आलंय, म्हणून वापरायला धजत नाही. 'टोळी' तर नकोच. शाळेतल्या 'रानटी टोळ्या' आणि टोळधाड लगेच डोळ्यांपुढे येते.

प्रतिसाद
पण आता हाडांतून डीएनए काढता येतो ना? मग वंश कळतोच की. 'वांशिक' शब्द त्या अर्थानं बरोबरच ठरेल.

प्रतिसाद (पंजाबी ड्रेसवाला)
चांगली आठवण केलीत, कारण लाँबर्डांवरच हे काम झालंय. हंगेरीतलं सोलाद आणि इटलीत तूरिनजवळचं कोलेन्यो, या दोन दफनभूमींतल्या ६३ माणसांच्या डीएनएचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हीकडे एकेका मोठ्या कुटुंबाभोवती कबरी रचलेल्या दिसल्या. उत्तर आणि मध्य युरोपाशी जुळणाऱ्या पूर्वजांची माणसं बहुतेक वस्तूंसकट पुरलेली, तर दक्षिण युरोपाशी जुळणारी बरीचशी रिकाम्या हातानं.

म्हणजे पूर्वज आणि दफनाची रीत यांचा संबंध इथे आहे. तो नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण दोन्ही प्रकारची माणसं एकाच दफनभूमीत शेजारी शेजारी आहेत. त्यांतलं 'लाँबर्ड' कोण? फक्त पहिली? की राजाच्या मागे एकत्र निघाली म्हणून सगळीच? डीएनए आजी-आजोबा सांगतो. ती माणसं स्वतःला काय म्हणत, हे सांगत नाही. 'वंश' शब्द इथे जरूर वापरा, पण इथेच.

माझी सूचना तीन वेगळ्या शब्दांची. रक्ताच्या नात्याला 'वंश'. माणूस स्वतःला जे म्हणवतो त्याला 'समूह-ओळख'. 'अस्मिता' आज फार राजकीय झालाय. आणि वस्तूला 'धाटणी'. हा आपला जुना, कामाचा शब्द आहे. लाँबर्ड धाटणीची पिन कुणीही लावू शकतं: लेक, सून, युद्धात मिळालेली दासी, बाजारातून घेणारी शेजारीण.

धागाकर्ती
'धाटणी'नं माझं काम झालं. मनापासून आभार. वाक्य असं केलंय: 'ही एका स्त्रीची कबर असून तीत लाँबर्ड धाटणीच्या पिना आहेत, तिची समूह-ओळख त्यांवरून ठरवता येत नाही.'

प्रतिसाद
वाक्य छान. एकच शंका. 'स्त्री' हे कशावरून? स्वीडनमधल्या बिर्का इथली १८७८ मध्ये उकरलेली दहाव्या शतकाची एक कबर तलवार आणि दोन घोड्यांमुळे पुरुष योद्ध्याची मानली जात होती. २०१७ मध्ये डीएनएवरून ती बाईची निघाली. तुमच्या लेखात हाडं तपासली आहेत, की 'स्त्री'सुद्धा पिनांवरूनच आली?

धागाकर्ती
आत्ता परत पाहिलं. हाडांचा उल्लेखच नाही. 'एका व्यक्तीची कबर' करते.