मैदानावर गेलेला वेळ फुकट जातो म्हणे

पायधूळ (धागाकर्ता)

काल एका ग्रुपवर एका पालकाची पोस्ट वाचली आणि रात्रभर डोक्यातून जाईना. म्हणणं असं की लाखात एक मूल खेळाडू होतं, बाकीच्यांनी मैदानावर घालवलेला वेळ हा अभ्यासातून चोरलेला वेळ, म्हणून यांनी दहा वर्षांच्या मुलाचं फुटबॉल बंद करून त्याच वेळेला गणिताचा क्लास लावला. खाली अंगठ्यांची रांग. तिथे दोन ओळींत उत्तर मावेना म्हणून इथे लिहितोय.

लाखात एक खेळाडू होतो, मान्य. पण लाखात गणितज्ञ तरी किती होतात? म्हणून गणित बंद करतो का आपण? सगळे कवी होणार म्हणून आपण मुलांना कविता शिकवत नाही ना, मग खेळालाच ही अट कशाला?

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करायला सांगते. २०१६ च्या आकड्यांनुसार जगभरातली ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुलं तेवढीही करत नाहीत. म्हणजे पाचातली चार. आणि आपण वाद कशावर घालतोय, तर खेळ जास्त होतो का यावर!

मी स्वतः कधीच चांगला खेळलो नाही. गडी वाटून घेताना शेवटपर्यंत उभा राहणारा मुलगा मीच. तरी ज्यांच्याकडून आज सडकून हरलो त्यांच्याच दारात उद्या चार वाजता "खेळायला येतो का" म्हणून हाक मारायची, ही गोष्ट मला कुठल्याही वर्गात शिकायला मिळाली नसती.

रेघोट्या

ती पोस्ट माझी नाही, पण त्या बापाची बाजू मला कळते.

तुम्ही शेवटी उरायचात आणि तरी तुमच्या आठवणी गोड आहेत, हे तुमचं नशीब. मीही शेवटीच उरायचे. माझ्या वाट्याला आलेले पीटीचे सर गृहपाठ विसरला तरी मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावायचे. मला सांगा, ज्या गोष्टीची आवड लावायची तीच शिक्षा म्हणून दिली तर पोर त्या गोष्टीकडे पुन्हा बघेल का? मी पुढे वीस वर्षं धावले नाही.

आता मुलाचं ऐका. संघात घेतला, गणवेश दिला, पूर्ण मोसमाची फी घेतली आणि बाकावर बसवला. मोसम संपल्यावर त्याचे बूट पुसायला घेतले तर तळाचे खिळे नवेकोरे, मातीचा कण नाही. तो काही बोलला नाही, मीच बूट हातात घेऊन बसले. खेळ संस्कार करतो हे वाक्य मला तेव्हापासून सहन होत नाही. बाकावर कोणता संस्कार होतो ते मला सांगा.

दुपारची_सावली

रेघोट्या, वाईट वाटलं वाचून. पण त्यात दोष खेळाचा की त्या प्रशिक्षकाचा?

आणि डोळ्यांचं कोणीच बोलत नाहीये. चीनमधल्या ग्वांगझूला शाळांमध्ये प्रयोग झाला होता, २०१५ साली निष्कर्ष आले. पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर काढली. तीन वर्षांनी बाहेर गेलेल्यांत ३०.४ टक्के मुलांना लांबचं दिसेनासं झालेलं, न गेलेल्यांत ३९.५ टक्के. गणिताच्या क्लासला फळा तरी दिसायला हवा की नको?

रेघोट्या

पण हा गुण उजेडाचा झाला, खेळाचा कुठे? झाडाखाली पुस्तक वाचत बसलं तरी उजेड मिळतोच. प्रत्येक चांगली गोष्ट खेळाच्या खात्यात का टाकायची?

दुपारची_सावली

बरं, उजेड तर उजेड. पण पोराला रोज ४० मिनिटं घराबाहेर ठेवायचा खेळाहून सोपा उपाय असेल तर सांगा.

शिट्टी

पंधरा वर्षं लहान मुलांच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहतोय, म्हणून थोडं अवांतर. खेळात मला कधी अडचण दिसली नाही, अडचण दोरीच्या बाहेर उभी असते. आठ वर्षांच्या मुलाने पास चुकवला की तो पहिल्यांदा चेंडूकडे बघत नाही, बापाकडे बघतो. ती नजर मी शेकडो वेळा पाहिली आहे.

नॉर्वेने यावर नियमच केलेत. अकराव्या वर्षापर्यंत मुलांचे निकाल आणि क्रमवारी छापायची नाही, तेराव्या वर्षाआधी राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. आणि हाच देश २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमधून १६ सुवर्णपदकं घेऊन गेला, एका हिवाळी स्पर्धेत तोवर इतकी कोणालाच मिळाली नव्हती. लहानपणी स्कोअर मोजला नाही तर मुलं मऊ पडतात म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

तिसरा_सेट

हे नॉर्वेचं पालुपद आता पुरे. पैसेवाला देश, बर्फ दाराशी, लोकसंख्या थोडी. पदकं स्कोअर न मोजल्यामुळे आली हे कशावरून?

आणि मुलं काय मूर्ख आहेत का? तुम्ही फळ्यावर लिहू नका, सहा वर्षांचं पोर घरी येऊन सांगतंच "आम्ही चार-दोनने जिंकलो". जिंकण्याहरण्याशिवाय खेळ म्हणजे नुसती कवायत. हरण्याची सवय आठव्या वर्षी नाही लावायची तर मग कधी, पहिली नोकरी गेल्यावर?

शिट्टी

नीट वाचा हो. पोराने मोजलं तर मोजू दे, मी मोठ्यांनी तक्ता टांगण्याबद्दल बोलतोय. तक्ता टांगला की प्रशिक्षक जिंकायला बघतो, जिंकायचं म्हटलं की उंच पोरं खेळवतो, आणि रेघोट्यांच्या मुलाचे बूट कोरे राहतात. सगळं एकाच दोरीत ओवलेलं आहे.

कॅनडातल्या आइस हॉकीची जुनी आकडेवारी आहे, रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये मांडलेली. निवडलेल्यांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुलं ढिगाने आणि डिसेंबरची मोजकी. कारण वयोगट ठरवायची रेघ १ जानेवारीला. नऊ-दहा वर्षांच्या पोरांत अकरा महिने म्हणजे अंगाने केवढा फरक! आपण गुण निवडतोय असं समजतो आणि प्रत्यक्षात वाढदिवस निवडतो.

तिसरा_सेट

मग वयाची रेघ बदला, सहा-सहा महिन्यांचे गट करा. त्यासाठी स्कोअर का बंद करायचा? तुमच्यासारख्या पंचांनीच खेळ गुळमुळीत करून टाकलाय.

शिट्टी

वैयक्तिक होऊ नका. भर उन्हात शिट्टी घेऊन मी उभा असतो, तुम्ही नसता.

ओली_पायरी

मध्ये बोलते, कारण दोरीबाहेरची ती पालक मी होते.

मुलगी पोहायची. सातव्या वर्षी मी स्टॉपवॉच घेतलं. पहिल्यांदा गंमत म्हणून, मग ते हातातून सुटेना. सकाळी अंधारात उठवायचं, पाणी गार आहे म्हणाली तर ऐकायचं नाही, बाहेर आल्यावर टॉवेल द्यायच्या आधी वेळ सांगायची. टॉवेलच्या आधी. हे लिहिताना आत्ता लक्षात येतंय. बाराव्या वर्षी खांदा दुखायला लागला. डॉक्टरांनी थांबवलं तेव्हा ती रडली नाही, रात्री शांत झोपली. बऱ्याच महिन्यांनी अशी झोपलेली पाहिली. पाण्यात नंतर उतरलीच नाही.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलंय की एकाच खेळात झोकून देणं निदान १५-१६ वर्षांपर्यंत लांबवा, आठवड्याला एक-दोन दिवस सुट्टी ठेवा. मी ते वाचलं तेव्हा उशीर झाला होता. तिसरा_सेट, स्कोअर ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण घड्याळ पालकाच्या हातात नको एवढं माझं ऐका.

तिसरा_सेट

हे पटलं. माझ्या वडिलांच्या हातात घड्याळ नव्हतं, पण जीभ होती. हरल्यावर घरी जायची वाट लांबची धरायचो. तरी खेळ सोडला नाही, याचं श्रेय वडिलांना देत नाही, बरोबरच्या पोरांना देतो.

उंबरठा

तुमचा वाद मुलग्यांच्या मैदानाचा चाललाय. मला तेराव्या वर्षी "आता पुरे" सांगितलं. बाकावरून नाही, मैदानावरूनच उठवलं. भाऊ जात राहिला.

आधी खेळायला कोणाला मिळतं ते विचारा. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना मुली म्हणून डावलायला बंदी केली. त्याआधी तिथल्या हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली ३ लाखांच्या आत होत्या, नंतर ३० लाखांच्या वर गेल्या. मुलींना खेळायची इच्छा नसते म्हणणाऱ्यांचं काय झालं मग? मी बेचाळीसाव्या वर्षी बॅडमिंटन शिकतेय. शटल तोंडासमोर आलं की अजून अंग चोरते. हे अंग चोरणं तेराव्या वर्षी शिकवलेलं आहे, ते जाता जात नाही.

पायधूळ (धागाकर्ता)

धागा फुटबॉल विरुद्ध गणित म्हणून काढला होता आणि गेला कुठच्या कुठे. रेघोट्या, एक कबूल करतो. मी "खेळ" म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर चार वाजताचं मोकळं मैदान असतं, जिथे प्रशिक्षक नाही, फी नाही, बाक नाही. शेवटी उरलो तरी खेळायला मिळायचंच, कारण गडी कमी पडायचे. तुमच्या मुलाला ते मैदान मिळालंच नाही. ही दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि मी ती एकात कालवली.

गणिताचा क्लास लावणाऱ्या त्या बापाशी भांडण मात्र कायम आहे.

रेघोट्या

एवढं मानलंत, बरं झालं. मग मीही सांगते. मुलगा या आठवड्यात म्हणाला, खालची पोरं खेळतात तिकडे जाऊ का. मी "बघू" म्हटलं. जाऊ देईन. कोणी बाकावर बसवलं तर त्याच मिनिटाला उचलून घरी आणणार.

शिट्टी

आणा. पण आणण्याआधी त्याला विचारा.

तिसरा_सेट

स्कोअरबद्दल माझं मत आहे तेच आहे.