पटावर सतरा मुले, म्हणून शाळेला कुलूप?

माळवेकर:
‘ज्या गावातल्या सरकारी शाळेत वीस मुलेही उरली नाहीत, ती बंद करून पैसा वाचवावा,’ असे काल येथे कोणी लिहिले आहे. इंदुरात बसून असे लिहिणे सोपे आहे. देपालपूर तहसिलीतल्या आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत माझ्या वेळी सत्तर मुले होती. आज सतरा आहेत. पण आधी काय बिघडले, ते पाहा. शिक्षणहक्क कायदा साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक देतो, म्हणजे डोकी मोजतो, इयत्ता मोजत नाही. त्या दोघांतले एक मतदारयादीच्या कामावर गेले की उरलेले गुरुजी पाचही इयत्ता एकाच खोलीत सांभाळतात.

हिशेबी:
तो ‘कोणी’ मीच. मतदारयादीचे रडगाणे पुरे झाले. माझ्या शेतावर काम करणाऱ्याची मुलगी पाचवीत आहे आणि तिला हातच्याची वजाबाकी येत नाही. त्याने धाकट्याला खासगी शाळेच्या बसमध्ये बसवले, यात त्याचे काय चुकले? आणि आपले चिरंजीव कोणत्या शाळेत जातात, तेही एकदा सांगून टाका.

निवृत्त बाई:
तीस वर्षे मी ग्रामीण शाळांत शिकवले आहे, म्हणून लिहिते. त्याच कायद्याने खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखल्या, आणि त्या मुलांचा खर्च सरकार शाळेला देते. त्यामुळे दरवर्षी सोडत निघाली की जे पालक वह्या तपासायचे, शाळेत येऊन आम्हाला जाब विचारायचे, तेच आधी निघून जायचे. जाब विचारणारे गेल्यावर आमच्यातल्या काहींनी अंग चोरले, हेही मान्य करते.

हिशेबी:
म्हणजे गरिबाच्या मुलाने सोडतीत नाव घालू नये, एवढेच आपले म्हणणे? शिक्षकांचा पट टिकावा म्हणून त्याने तेथेच कुजावे?

निवृत्त बाई:
तसे मी कोठे लिहिले? पण 1997 साली याच मध्य प्रदेशात शिक्षा गारंटी योजना आली, तेव्हा किलोमीटरभरात शाळा नसलेल्या वस्तीत चाळीस मुले असली आणि पालकांनी मागणी केली, की नव्वद दिवसांत शाळा देण्याची हमी होती. आदिवासी भागात पंचवीसही पुरत. तेव्हा डोकी मोजली ती शाळा उघडण्यासाठी.

माळवेकर:
माझा मुलगा खासगी शाळेत जातो, आता समाधान झाले? त्याच्या बसचे भाडे मला परवडते, त्या सतरा जणांच्या घरी परवडत नाही.

हिशेबी:
ठीक आहे, ‘बंद करा’ हा शब्द मी बाईंच्या वयाकडे पाहून मागे घेतो. जवळच्या मोठ्या शाळेत मिसळा, असे म्हणतो.

माळवेकर:
जवळची शाळा अडीच किलोमीटरवर आहे आणि मधल्या नाल्यावर पूल नाही. जुलैत सहा वर्षांच्या पोराला तेथून पलीकडे कोण नेणार, तेवढे आपल्या हिशेबात धरा.