मदत हवी आहे: पाकिटातल्या मिक्सचं झटपट सीफूड सूप (मु. पो. नागपूर)

संत्राबर्फी
नमस्कार मंडळी. थंडी सुरू झाली की आमच्याकडे संध्याकाळी सूप लागतंच. लेक पुण्याच्या कुठल्याशा हॉटेलात सीफूड सूप पिऊन आली आणि आता घरी तेच हवंय. ऑफिसातून आल्यावर तासभर खपायची माझी तयारी नाही. पाकीट वापरून अर्ध्या तासात उरकेल असं काही सुचवा.

अडचण अशी, की इथल्या दुकानांत मला दिसतात ती सगळी पाकिटं हिरव्या ठिपक्याची: स्वीट कॉर्न, हॉट अँड सावर, मंचाव, टोमॅटो. सीफूड म्हणून काहीच नाही. स्वीट कॉर्नच्या सूपमध्ये झिंगे टाकले तर वर झिंगे तरंगतात आणि खाली सूप मक्याचंच राहतं, एकमेकांशी काही संबंध नाही. सूप दाट होईपर्यंत उकळावं तर झिंगे चिवट होतात. मग ते टाकायचे केव्हा? आणि तळ्यातले ताजे घ्यायचे की समुद्रातले फ्रोझन? समृद्धी महामार्ग पूर्ण ७०१ किलोमीटरचा झाला तरी किनारा काही नागपूरच्या जवळ आलेला नाही.

अजून एक, सासूबाई माळकरी आहेत. त्यांचं सूप त्याच पाकिटातून वेगळं काढता येईल का?

दापोलीची_सून
पाकिटात मुख्यतः मक्याचं पीठ, मीठ, साखर, मसाला आणि चिमूटभर वाळवलेल्या भाज्या असतात. ते सूपला दाटपणा देईल, खारटपणा देईल. कोळंबीची चव मात्र तुम्ही जी डोकी आणि सालं फेकून देता त्यात असते. तुमचा सगळा प्रश्न तिथेच सुटतो.

पाव किलो कोळंबी सालीसकट आणा. सोलून पाठीतला काळा दोरा काढा, कोळंबी फ्रीजमध्ये ठेवा. डोकी-सालं चमचाभर लोण्यात, दोन लसूण पाकळ्या ठेचून, चांगली नारिंगी-लाल होईपर्यंत परता. घाई इथे करू नका, कच्चट सालं उकळली तर नुसता हिवस वास येतो. डावाने थोडी चेचा, लिटरभर पाणी घाला, पंधरा मिनिटं उकळा, बारीक गाळणीने गाळा. आटून जे उरेल ते मोजा आणि पाकिटावर जितकं पाणी सांगितलंय तितकंच हे पाणी वापरा.

पाकीट थेट गरम पाण्यात ओतायचं नाही, गुठळ्या होतात. आधी वाटीभर गार पाण्यात कालवा (ही वाटीसुद्धा एकूण पाण्यात धरा), मग उकळत्या पाण्यात ढवळत सोडा. सूप दाट झालं, भाज्या शिजल्या, की शेवटी कोळंबी. मध्यम आकाराची असेल तर मंद आचेवर दोन-तीन मिनिटं पुरतात. अर्धवर्तुळ झालं आणि पारदर्शकपणा गेला की गॅस बंद. पूर्ण वेटोळं झालं म्हणजे जास्त शिजली.

मीठ सगळ्यात शेवटी, तेही चाखून.

मंगळवारीचा_गिऱ्हाईक
ताई, फ्रोझन कशाला? मंगळवारी बाजारात सकाळी जा, तळ्यातले झिंगे घ्या. डोकी मोठी असतात, म्हणजे वरच्या रीतीला तर अजूनच बरं. डोकं अंगाला घट्ट चिकटलेलं पाहिजे, काळं पडलेलं किंवा उग्र वास येणारं घ्यायचं नाही, भाव कितीही पाडून सांगितला तरी. दोरा मात्र नीट काढा, नाहीतर दाताखाली कचकच लागते.

फ्रोझनच आणायचे असतील तर ते बहुतेक सोललेले असतात, मग सालं कुठून आणणार? त्यासाठी सोडे किंवा सुकट, म्हणजे वाळवलेली कोळंबी, ठेवा घरात. मूठभर सुकट कोरड्या तव्यावर कुरकुरीत होईपर्यंत भाजा, डोकी-पाय चोळून पाखडा, आणि दहा मिनिटं पाण्यात उकळून गाळून घ्या. काम थोडं, चव झकास. फक्त सुकट आधीच खारी असते हे ध्यानात असू द्या. आणि फ्रोझन पाकिटावर बर्फ सोडून वजन किती ते वाचा. रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवा. विसरलात तर बंद पिशवी गार पाण्यात बुडवा, गरम पाण्यात नको.

तर्रीबाज
दोन चमचे सावजी मसाला टाका, बाकी काही करायची गरजच नाही 😄

दापोलीची_सून
@तर्रीबाज, मग त्यात कोळंबी तरी कशाला टाकायची? बटाटाही चालेल.

संत्राबर्फी
😂 भाऊ, सूप लेकीसाठी आहे, पैजेसाठी नाही.
दापोलीच्या ताई, खूप आभार. सालं आजवर कचऱ्यातच गेली. आता पाकीट कोणतं घेऊ, स्वीट कॉर्न की हॉट अँड सावर? आणि मॉलमध्ये क्रॅब स्टिक मिळतात, त्या टाकू का?

खारे_वारे
क्रॅब स्टिकमध्ये बहुधा खेकडा नसतो. पांढऱ्या माशाच्या लगद्याला, म्हणजे सुरीमीला, रंग आणि वास लावून त्या करतात. शिजवलेल्याच असतात, त्यामुळे गॅस बंद करताना तुकडे करून टाका. रंगाला बऱ्या, चवीला फार अपेक्षा नको. त्यापेक्षा माकुळ (स्क्विड) मिळालं तर घ्या, पातळ चकत्या करा आणि मिनिट-दीड मिनिटाच्या वर ठेवू नका. त्यानंतर ते आक्रसतं, आणि पुन्हा मऊ व्हायला अर्धा तास तरी शिजवावं लागतं.

पाकीट: तळ्यातले झिंगे गोडसर असतात, त्यांना स्वीट कॉर्न बरं. वरून मिरी आणि फेटलेलं अंडं धारेने सोडा. सुकटीच्या पाण्याला हॉट अँड सावर, कारण त्याचा दर्प आंबट-तिखटात मुरतो. लिंबू पिळायचं तर गॅस बंद केल्यावर. आंबट घालून उकळत ठेवलं तर मक्याच्या पिठाचा दाटपणा सुटतो.

सासूबाईंसाठी कोरडं मिक्सच वजन करून आधी वेगळं काढा आणि साध्या पाण्यात, वेगळ्या भांड्यात करा. तयार सूपमधून "झिंगे घालायच्या आधी" काढून चालणार नाही, पाणीच सालांचं आहे. डावही वेगळा.

संत्राबर्फी
बरं झालं सांगितलंत, मी नेमकं तेच करणार होते. शेवटचा प्रश्न: सालांचं पाणी आधी करून ठेवलं तर?

दापोलीची_सून
चालतं. गार झालं की लगेच फ्रीजमध्ये, दोन दिवसांत संपवा. नाहीतर डब्यात घालून फ्रीजरला टाका. रविवारी बाजार केला की एकदम दोन वेळचं पाणी करून ठेवा, मग ऑफिसच्या दिवशी खरंच पंधरा मिनिटांचं काम उरतं. सोललेली कोळंबी मात्र त्याच दिवशी वापरा, किंवा तीही फ्रीजरला. आणि सूप उरलंच, तर कोळंबी बाहेर काढून नुसतं सूप उकळा आणि गॅस बंद करताना ती परत घाला, वाफाळती गरम होईल इतपतच.