वृंदावनातील विधवांच्या आयुष्यात नेमके काय बदलले आहे?

वाचनमंडळ (प्रश्न)

नमस्कार. आमच्या महिला वाचनमंडळात सध्या विधवाप्रथेवर वाचन चालू आहे आणि चर्चा साहजिकच वृंदावनापर्यंत येऊन पोहोचली. दरवर्षी फाल्गुनात पांढऱ्या साड्यांवर गुलाल उधळलेल्या वृद्ध स्त्रियांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. आमच्यातील काहीजणींना ती मोठ्या परिवर्तनाची खूण वाटते, तर काहींना तो छायाचित्रकारांसाठी भरवलेला सोहळा वाटतो. मथुरा जिल्ह्यातील या गावात प्रामुख्याने बंगालमधूनच इतक्या स्त्रिया का येतात, भजनाश्रमात गाऊन पोट भरण्याची रीत आता कितपत उरली आहे आणि रंगांपलीकडे त्यांच्या जगण्यात काय बदलले आहे, हे जाणकारांनी सांगावे. मंडळाकडे थोडी वर्गणी जमली आहे, ती तिकडे पाठवावी का, याविषयीही मार्गदर्शन हवे आहे.

निवृत्त_वकील

बंगालचा संबंध भक्तीचाही आहे आणि मालमत्तेचाही. सोळाव्या शतकात बंगालमधील कृष्णभक्त संत चैतन्य महाप्रभू वृंदावनात आले आणि त्यांच्या शिष्यांपैकी रूप व सनातन गोस्वामी तेथेच राहिले. तेव्हापासून गौडीय, म्हणजे चैतन्यांच्या परंपरेतील, वैष्णवांच्या मनात या गावाला आपल्याकडे पंढरीला असलेले स्थान मिळाले. मात्र भक्ती हे अर्धेच उत्तर आहे. बंगालमध्ये चालणाऱ्या वारसाहक्काच्या दायभाग पद्धतीत, पतीला मुलगा नसल्यास एकत्र कुटुंबातील त्याचा हिस्साही विधवेकडे तिच्या हयातीपुरता येत असे; उर्वरित भारतातील मिताक्षरा पद्धतीत एकत्र कुटुंबातील विधवेला असा हिस्सा नव्हता. म्हणजे तिचा हक्क जेथे अधिक होता, तेथेच ती घरात राहणे दिरा-जावांना अडचणीचे होते, आणि तिला तीर्थक्षेत्री पोहोचवणे हा त्यातून निघण्याचा पुण्यकारक मार्ग ठरला, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मला ते पटते.

१८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाची वाट मोकळी केली, पण पुन्हा लग्न करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क त्याच कायद्याने काढून घेतला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पत्नीला मुले, मुली आणि सासू यांच्या बरोबरीने पहिल्या वर्गात वारस केले आणि तिला मिळालेली मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची ठरवली. त्यानंतरही स्त्रिया वृंदावनात येतच राहिल्या, कारण तेराव्याच्या आत कोऱ्या कागदावर अंगठा घेता येतो आणि हक्कसोडपत्र ‘स्वखुशीने’ लिहून घेता येते. म्हणूनच होळीच्या छायाचित्रांकडे पाहून मला फारसे काही वाटत नाही.

मथुरेत_राहिलेली

नोकरीनिमित्त माझे काही काळ मथुरेत वास्तव्य होते आणि वृंदावनात वरचेवर जाणे होई, म्हणून भजनाश्रमाविषयी लिहिते. रोज काही तास नामसंकीर्तन करायचे आणि त्याबदल्यात थोडे पैसे व शिधा घ्यायचा, ही पद्धत संपलेली नाही. तिच्यावाचून गत्यंतर नसणे मात्र कमी झाले आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांच्या हलाखीची दखल घेतली. त्यानंतर बिंदेश्वर पाठक यांच्या सुलभ इंटरनॅशनलने अनेक आश्रमांतील स्त्रियांना दरमहा मानधन देण्यास सुरुवात केली आणि ते पुढे २,००० रुपयांपर्यंत गेले. रक्कम लहान आहे, हे खरे. परंतु अंगात ताप असताना ज्या बाईला केवळ शिध्यासाठी भजनाला बसावे लागत होते, ती त्या दिवशी खोलीत पडून राहू शकते आणि औषध स्वतःच्या पैशाने आणू शकते, हा फरक दुरून दिसत नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारने बांधलेले, १,००० स्त्रियांची सोय असलेले ‘कृष्णा कुटीर’ सुरू झाले. इमारत प्रशस्त आहे, पण ती गावाच्या कडेला आहे. आणि जिचा सारा दिवस पहाटेचे दर्शन, ओळखीची गल्ली आणि येता-जाता ‘राधे राधे’ म्हणणारी माणसे यांत जातो, ती बाई मंदिराजवळची अंधारी भाड्याची खोली सहजासहजी सोडत नाही. एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. ‘घरी परत पाठवू का’ असे विचारल्यावर अनेकजणी ठाम नकार देतात, आणि तो नकार केवळ दुखावलेल्या मनाचा नसतो. येथे कोणाची बोलणी खावी लागत नाहीत, असे त्या स्पष्ट सांगतात.

कोल्हापूरकर

वकीलसाहेबांचा मुद्दा मान्य असला, तरी रंगांना इतके कमी लेखू नये असे मला वाटते. २०१३ मध्ये ही होळी आश्रमाच्या आवारात झाली होती, ती २०१६ मध्ये गोपीनाथ मंदिरात झाली आणि संस्कृतचे पंडितही तिच्यात सामील झाले. ज्या धर्माच्या नावाने रंग वर्ज्य केला, त्याच धर्माच्या देवळात तो लावला जाणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. आमच्या जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनेही परिपत्रक काढून इतर गावांना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. दोन्हींतला फरक असा की, हेरवाडचा ठराव बाईच्या स्वतःच्या दारात लागू होतो, तर वृंदावनात ती पोहोचते तेव्हा घर सुटून गेलेले असते.

वाचनमंडळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वर्गणीचा प्रश्न राहिला आहे. सरकारी निवृत्तिवेतन असताना आश्रमांना देणग्यांवर अवलंबून का राहावे लागते, अशी शंका एका सभासदाने काढली आहे.

निवृत्त_वकील

केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय विधवा निवृत्तिवेतन योजनेत ४० ते ७९ वयोगटातील दारिद्र्यरेषेखालील विधवांसाठी केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये आहे; राज्ये त्यात आपापली भर घालतात. तेवढ्यासाठीही पतीच्या मृत्यूचा दाखला आणि रहिवासाचा पुरावा लागतो. जी स्त्री ऐन तारुण्यात बंगालमधले खेडे सोडून आली, तिच्याकडे हे कागद असण्याची शक्यता कमीच.

वर्गणी पाठवायचीच असेल, तर औषधोपचार आणि कागदपत्रे मिळवून देण्याचे काम करणाऱ्या संस्थेला, तिचे लेखापरीक्षण अहवाल पाहून पाठवावी. साड्या आणि ब्लँकेटे हिवाळ्यात पुष्कळ जण देतात. माझी स्वतःची सूचना विचाराल, तर निम्मी रक्कम आपल्याच तालुक्यात ठेवा. नव्याने विधवा झालेल्या स्त्रीला मृत्यूचा दाखला मिळवणे, वारसनोंदीचा अर्ज वेळेत देणे आणि वकिलाला दाखवल्याखेरीज कोणत्याही कागदावर सही न करणे, एवढ्यासाठी मंडळातील दोघी-तिघी तिच्यासोबत तलाठी कार्यालयात गेल्या तरी पुरे. कागदांची यादी हवी असल्यास मी येथेच लिहून देईन.

मथुरेत_राहिलेली

यादी जरूर द्यावी, आणि तीत सासूचे नावही असू द्यावे. मुलगा गेल्यावर तीही त्याची वारस असते, हे घरात कोणी तिला सांगत नाही. वृंदावनात मला भेटलेल्यांपैकी कितीतरी जणींना सुनेने नव्हे, तर त्यांच्याच दुसऱ्या मुलाने गाडीत बसवून आणले होते.