घारापुरीचा कारभार नेमका कोणाच्या हाती?

बेलापूरवासी (प्रश्न)

नोकरी सांभाळून मी लोकप्रशासनात एम. ए. करीत आहे. गेल्या महिन्यात घारापुरीला गेलो असता पायऱ्यांवर एका माकडाने माझ्या हातातील सरबताची बाटली हिसकावली, दातांनी झाकण उघडून रिकामी केली आणि कठड्यापलीकडच्या झाडीत फेकली. ती काढायला वाकलो, तेव्हा कैऱ्या विकत बसलेल्या एक ताई म्हणाल्या, "राहू द्या, तिकडचं आमच्याकडे येत नाही." मग कोणाकडे येते, असे विचारल्यावर त्या नुसत्या हसल्या.

परतल्यावर यादी केली. लेणी पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे, जेट्टी मेरीटाइम बोर्डाकडे, वीज महावितरणकडे, किनाऱ्यावरची कांदळवने वनखात्याच्या कक्षेत आणि राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर या तिन्ही गावांचा रोजचा व्याप ग्रामपंचायतीकडे. तालुका उरण, जिल्हा रायगड, पण पर्यटक बहुतेक गेटवेहून येणारे. अँसेल आणि गॅश या अभ्यासकांनी २००८ मध्ये १३७ उदाहरणे तपासून 'सहयोगी शासना'ची, म्हणजे सरकारी यंत्रणा आणि लोक यांनी एकत्र बसून निर्णय घेण्याची, जी मांडणी केली, तिच्यात लोकांचे मत नुसते ऐकून घेणे पुरेसे नाही, निर्णयातही त्यांचा वाटा लागतो. ज्या बेटावरच्या जवळपास प्रत्येक यंत्रणेचा साहेब समुद्रापलीकडे बसतो, तिथे यंत्रणा आणि गावकरी यांचे असे जाळे उभे राहू शकते का?

वाशीचा वाचक

'जाळे' या शब्दापाशीच मी जरा अडखळतो, कारण आपल्याकडे त्याचा अर्थ बहुधा समन्वय समिती असा होतो आणि समितीला स्वतःची तिजोरी नसते. स्कॉटलंडमधील एग हे बेट पाहा. जेमतेम शंभर वस्तीचे हे बेट १९९७ मध्ये खासगी मालकाकडून विकत घेतले गेले, ते एका न्यासाच्या नावावर. त्या न्यासात रहिवाशांची संघटना, हायलँड कौन्सिल आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट असे तीन भागीदार आले. पुढे २००८ मध्ये न्यासाच्याच कंपनीने पाणी, वारा आणि ऊन यांपासून वीज सुरू केली. तोवर घरोघरी डिझेलचे जनित्र धडधडत असे. प्रत्येक घराला एका वेळी पाच किलोवॉट आणि व्यवसायाला दहा, ही मर्यादा तिथे पाळली जाते, कारण नियम करणारे आणि तो मोडल्यास अंधारात बसणारे लोक एकच आहेत.

डेन्मार्कचे सामसो बेटही याच वाटेने गेले. तिथे जमिनीवर अकरा पवनचक्क्या आहेत, तर २००३ मध्ये समुद्रात उभ्या केलेल्या दहांपैकी पाच नगरपालिकेच्या आणि उरलेल्यांत शेतकरी व सहकारी भागधारक आहेत. आवाजाची तक्रार करण्याआधी माणूस लाभांशाचा विचार करतो, हे ओघाने आलेच!

ऐरोलीचा खाडीकर

वाशीच्या मित्रांनी एगचे उदाहरण दिले, परंतु जागतिक वारसा विकत घेता येत नाही. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढील दोनशे मीटर नियंत्रित, असा कायदा आहे. तिथे भागधारक होण्याची भाषा काय कामाची?

आमचा अनुभव सांगतो. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाला, तेव्हा आमच्या घरात पहिला प्रश्न निघाला की, आता डोल, म्हणजे आमचे मासेमारीचे जाळे, कुठे लावायची. पुढे वनखात्याच्या कांदळवन कक्षाच्या योजनेतून किनाऱ्यावरच्या गावांत सहव्यवस्थापन समित्या झाल्या, खेकडापालनाला अनुदान मिळू लागले. योजना चांगली आहे, मी ती नाकारत नाही. पण एका बैठकीची वेळ सकाळी अकराची ठेवली होती आणि दिवस उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरतीचे आणि मासेमारीचे, होते. निम्मे नाखवा पाण्यात असल्यामुळे जे आले त्यांच्या सह्या घेऊन ठराव संमत झाला. उधाणात आम्ही घरी नसतो, भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, असतो, एवढी साधी गोष्ट पत्रिका छापणाऱ्याला कोणी सांगितली नव्हती. निर्णयातला वाटा वगैरे पुढचे, आधी बैठक पंचांग बघून ठेवा.

बेलापूरवासी

हा मुद्दा माझ्या प्रबंधात जाणार. पण घारापुरीला वीज तर मिळालीच ना? म्हणजे जाळ्याशिवायही काम झाले.

उरणचा अभियंता

झाले, पण १९८७ मध्ये वारसा-स्थळ ठरलेल्या बेटावर समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल फेब्रुवारी २०१८ मध्ये कार्यान्वित झाली. तोवर संध्याकाळी काही तास जनित्र चालत असे, समोर मुंबईचे दिवे लखलखत असताना. अर्थात केबल हे एकदाच करायचे काम आहे. निधी, निविदा आणि एक सक्षम यंत्रणा असली की ते होते. आपली बाटली मात्र रोज पडते, ती ज्या उतारावर पडते तिथून खाली आणून, होडीत घालून मुख्य भूमीवर न्यावी लागते, आणि या तीन टप्प्यांवर तीन वेगवेगळ्या यंत्रणांचे हात लागतात. जाळ्याची गरज देखभालीत असते. अभ्यासासाठी धागा हवा असेल, तर २०१९ ची किनारी नियमन अधिसूचना पाहा. किनाऱ्याजवळच्या बेटांसाठी तिच्यात वीस मीटरचा ना-विकास पट्टा आहे, तोही बेटाचा एकात्मिक व्यवस्थापन आराखडा झाल्यानंतर. तो आराखडा करताना ग्रामसभेचा ठराव नुसता जोडपत्र म्हणून लावायचा की बंधनकारक मानायचा, एवढाच माझा प्रश्न आहे.

बेलापूरवासी

लेणी सोमवारी बंद असतात, म्हणजे त्या दिवशी गावकऱ्यांना थोडी उसंत असणार. अष्टमीच्या आसपास भांग असतो, असे आमच्या शेजारच्या काकांनी सांगितले. या दोन्ही गोष्टी जुळणारा दिवस कॅलेंडरवर शोधतो आहे.